देवदूत न झालेला भाऊ

मी सहा वर्षांची असताना माझा सहा महिन्यांचा भाऊ तापानं गेला. मी जेवणखाण सोडलं, तेव्हा पपा म्हणाले, "तो देवदूत झालाय. तुझ्याजवळच असतो." त्यामुळे त्याच्यासाठी मी कधी रडलेच नाही. झोपताना भिंतीकडची जागा त्याला ठेवायची, शाळेतलं सगळं त्याला सांगायची. नाताळात त्याच्या नावानं करंजी ठेवायची. सकाळी आई रिकामी ताटली दाखवायची. "खाल्ली बघ त्यानं."

तेराव्या वर्षी सोलापूरच्या आमच्या चर्चमध्ये शनिवारच्या धर्मशिक्षणाला देवदूतांचा धडा आला. फादर म्हणाले, "देवदूत म्हणजे केवळ आत्मा. त्याला शरीर नाही, भूक नाही, वय नाही. माणसाला दिसावं म्हणून तो तेवढ्यापुरतं रूप घेतो. पण तो कधीच माणूस नव्हता."

मी विचारलं, "मेलेलं बाळ देवदूत बनतं ना, फादर?"

"नाही, बेटा. ते देवाजवळ असतं, पण माणूसच राहतं."

माझा भाऊ तर मला दरवर्षी थोडा मोठा झालेला दिसायचा.

घरी आले तेव्हा पपा नुकतेच रेल्वेच्या शेडमधून येऊन मोरीत हाताचं तेल घासत होते. फादरांचं बोलणं मी त्यांना सांगितलं.

"बरोबरच सांगितलं की त्यांनी," पपा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू जेवत नव्हतीस, पोरी."

आई भाकरी थापत होती. मी तिच्याकडे वळले. "आणि करंजी?"

"मीच खात होते," ती मागं न बघता म्हणाली.

म्हणजे इतकी वर्षं या घरात खरं मानणारी मी एकटीच होते. दोघांनी एकमेकांकडे बघून किती वेळा हसू दाबलं असेल, की रडू, ते मला कळेना. त्या संध्याकाळी प्रार्थनेला मी तोंड उघडलं नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी एकटीच दफनभूमीत गेले. भाऊ तिथं नाहीच, असं म्हणून आईपपांनी मला तिथं कधी नेलं नव्हतं. कडेच्या रांगेत वीतभर क्रूस सापडला, त्यावर त्याचं नाव. मी तिथं बसून सात वर्षांचं रडले.

उठले तेव्हा पपा सायकल धरून फाटकात उभे होते.

"बस मागं. ऊन लई झालंय."

मी बसले नाही. त्यांच्या पुढं पुढं चालत घरी आले.