शामरावांचा साचा

चार माणसं रोज एका निंबाखाली जमली की किस्से साचायला वेळ लागत नाही. त्यात चौघांच्या हाती धनुष्यबाण असले, तर विचारूच नका! पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत नाचणगावच्या आखाड्यामागं आम्ही चौघं रोज संध्याकाळी बाण मारायचो. गिरणीतले हेडक्लार्क शामराव, कचेरीतले वामनराव, ड्रिल शिकवणारे देवीदास मास्तर आणि भूगोल शिकवणारा मी. आज आठवलं तरी छाती फुगते, खोटं कशाला बोलू!

*

तेव्हा बाण आम्ही हातानंच बनवायचो. बांबूची काडी घ्यायची, शेतात गळालेली मोराच्या पंखातली पिसं अंदाजानं चिकटवायची, की झाला बाण! त्यामुळं प्रत्येक बाणाचा स्वभाव वेगळा. एक डावीकडं पळायचा, एक मान टाकायचा, एक वाटेत डोलायचा. कोणाचा कुठला, हे लांबूनच कळायचं, म्हणून त्यावर खूण करायची गरज कधी पडली नाही.

नागपूरच्या सामन्यात पंचांनी आमचे सगळे बाण टेबलावर मांडले. चष्मा वर करून म्हणाले, "ह्यातले दोन तरी सारखे काढून दाखवा!"

बघणारे हसले. बाण एकसारखे नाहीत म्हणून आम्हाला न खेळताच परत पाठवलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये शामराव एकेक बाण डोळ्यांसमोर धरून बघत बसले. पुलगाव आलं तेव्हा उठले आणि म्हणाले, "पुढच्या साली त्याच पंचाच्या हातात एकसारखे बान देतो. नाई देला तं धनुष्य चुलीत घालतो!"

*

शामरावांनी साचा बनवला. गिरणीतून सूत गुंडाळायची एक बाद झालेली बॉबिन मागून आणली, तिच्या कडेला सारख्या अंतरावर तीन खाचा पाडल्या आणि ती फळीवर फिरेल अशी उभी बसवली, शेजारी एक चिमटा ठोकला. काडीचं बूड बॉबिनीत खोचायचं, पीस चिमट्यात धरायचं, सरस लावून काडीला टेकवायचं. वाळलं की बॉबिन एक खाच फिरवायची आणि दुसरं पीस लावायचं. मग तिसरं. हाताला अंदाज करायला जागाच नाही!

देवीदास मास्तर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "शामराव, हे तं बानाचं न्हावीदुकान झालं! जो बसन त्याची एकच कटिंग!"

*

वामनराव पक्के माळकरी. सरस जनावराच्या कातड्यापासून होतो, हे कळल्यावर ते साच्याला हात लावेनात. त्यांनी स्वतःचे बाण बाभळीच्या डिंकानं चिकटवले. दिसायला फार सुरेख!

एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी त्यांनी बाण सोडला. काडी पुढं गेली. पिसं मात्र गिरक्या घेत खाली आली आणि त्यातलं एक त्यांच्याच टोपीवर बसलं.

दुसऱ्या दिवसापासून वामनराव नाकाला उपरणं लावून सरस ढवळायला बसू लागले. विचारलं तर म्हणायचे, "हे औषध हाय. औषधाले चालते!"

*

साच्यातले पहिले बाण हवेत असे फडफडले, की आम्ही शामरावांकडं बघायचंच टाळलं. ते दोन दिवस आखाड्याकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी साचा घेऊन माझ्या ओसरीवर आले. खाचा पुन्हा मोजल्या, चिमटा घासला.

माझी बायको कमल दारात माझा सदरा शिवत होती. तिनं एक बाण उचलला. "काहो भाऊजी, डाव्या पंखाचं पीस उजव्याच्या संगं काऊन लावून राह्यले? दोन्हीचं वळन वेगळं हाय ना! मी दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या बेतल्या तं चालन का तुमच्या भावाले?"

त्या दिवसापासून आमच्या घरात पिसांची दोन सुपं झाली. एक डाव्या पंखाचं, एक उजव्या. आणि पिसं निवडायचा मान कमलचा!

*

आता सगळे बाण नाकासमोर जायला लागले. पण देवीदास मास्तरांचा नेम भलताच बिघडला! एकामागून एक बाण नेमाच्या चकतीशेजारच्या निंबाच्या खोडात.

त्यांचे जुने बाण डावीकडं पळायचे. म्हणून मास्तर वर्षानुवर्षं उजवीकडच्या निंबावर नेम धरायचे आणि बाण वळून बरोबर मध्यावर बसायचा. आता ते ओरडले, "शामराव, बिघडवला ना माहा बान! साला सरळ जाऊन राह्यला!"

शामराव त्या दिवशी पहिल्यांदा मनमोकळं हसले.

*

वर्षानं पुन्हा नागपूर. तेच पंच, तेच टेबल. त्यांनी आमचे बाण एकेक करून टेबलावर लोळवले, पिसांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कुठल्या कारखान्याचे?"

"घरचे!" शामराव म्हणाले. 

आमच्या चौघांना मिळून एकच चकती होती. शेवटच्या फेरीनंतर बघतो, तर एक बाण अगदी मधोमध! मध्यावर बाण मारणाऱ्याला पदक होतं. पंच वही उघडून उभे राहिले. "मधला कोणाचा? नाव सांगा, नाहीतर पदक राहील."

आम्ही चौघं जवळ गेलो. बाकीच्या संघांनी आपापल्या बाणांवर रंगाचे पट्टे ओढले होते. आमचे सगळे कोरे!

"माहा असन," देवीदास मास्तर पुटपुटले.

"माहाही असू शकते," वामनराव म्हणाले.

शामरावांनी चष्मा पुसला. मधला बाण उपटून बोटांत फिरवला, बाजूचा बघितला, त्याच्या बाजूचाही बघितला. मग सगळे गोळा करून पंचांच्या टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाले,

"मले काय विचारता साहेब? ह्यातला एक तरी वेगळा काढून दाखवा!"