जाळीवरचा हार

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की शिरूर कासारजवळच्या बिभीषणच्या वस्तीवर आवाज उरत नाहीत. दारांना कुलपं, चुलींत गार राख. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते; त्या जोडीला कोयताच म्हणतात. मागच्या वर्षी मोळी उचलताना बिभीषणची कंबर गेली. म्हणून यंदा त्याची बायको शिवकन्या आपल्या विधुर भावाबरोबर कोल्हापूरकडे तोडीला गेली. मागे राहिलेला अर्धा कोयता गेवराईच्या रस्त्यावर गॅरेज चालवतो.

गॅरेजचं गिऱ्हाईक अमरसिंह बड्या शेतकरी घरातला. त्याच्या गाडीचं इंजिन शर्यतीसाठी वाढवलेलं, मागची सीट काढून टाकलेली. गाडी जोरात पळाली की ऑइल तापायचं. रविवारी कोल्हापूरला शर्यत होती.

"ऑइल गार राहिलं तर तू माझ्यासंगं चल. वहिनीला भेटून घे," तो म्हणाला होता.

बिभीषणनं मोठा ऑइल कूलर पुढच्या जाळीमागं बसवला, वारा थेट लागेल असा. नवे पाइप ओढले. प्रत्येक जोड बोटानं चाचपला, सगळे कोरडे. मग शिवकन्येला फोन केला. तिनं मुकादमाकडे रविवारचा खाडा मागून घेतला.

काम झालं तसा त्यानं नारळ फोडला आणि जाळीवर झेंडूचा दुहेरी हार बांधला. गाडीला नवं काही बसवलं की हार लागतोच. अमरसिंहनंही वाकून नमस्कार केला आणि गाडी हायवेला काढली.

परतला तो तावातावानं.

"काय केलं बे? काटा पार वर! इंजिन बसलं असतं."

"असं कसं व्हईल दादा?"

"पुण्याच्या मिस्त्रीला फोन केलाय. शर्यतीला तोच येतोय संगं."

बिभीषण गाडीपुढं बसला. वाऱ्यानं हार जाळीतून आत खेचला होता. कूलरच्या पातळ पत्र्यांवर झेंडू चिकटून शिजला होता.

"दादा, हारामुळं वाराच लागला न्हाई."

अमरसिंह वाकला आणि हसला. "च्यायला, देवानंच नरडं धरलं की!" मग नजर चुकवत म्हणाला, "पण तो निघालाय बे. अन् गाडीत जागा दोघांचीच."

बिभीषणनं ब्रशनं एकेक पाकळी काढली. पुन्हा चक्कर मारली. काटा जागेवर राहिला. अमरसिंह गाडी घेऊन गेला.

शिवकन्येनं फोन लगेच उचलला. "आईतवारी किती वाजता येताव?"

"न्हाई जमलं."

तिच्या मागे कोयत्यांचे आवाज चालू होते.

"मग मुकादमाला सांगते," ती म्हणाली, "खाडा नगं म्हणून."