बसलेल्या पायाचं माप

त्याच्या बुटांच्या दुकानात खुर्ची होती, पण ती बसून राहण्यासाठी नव्हती. बसायचं, जुने बूट काढायचे आणि लगेच उठायचं. समोर जमिनीवर खाकी कागद अंथरलेला असे. "उभे राहा," तो म्हणे, "दोन्ही पायांवर सारखं वजन. माझ्या टकलाकडे बघू नका, भिंतीकडे बघा." मग गुडघ्यांवर बसून, कानावरची पेन्सिल काढून तो पावलाभोवती रेघ ओढी. भल्याभल्यांना गुदगुल्या होत. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा खुर्चीतूनच राणीसारखा पाय पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "बाई, बसलेला पाय खोटं बोलतो. उभ्या राहा." 'उभे राहा' हे शब्द बाईंच्या तोंडचे, ते ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. पण राहिल्या उभ्या.

सरळ पायांचे बूट शिवणारे त्या गावात बरेच होते. हा वाकड्या पायांचे शिवायचा. कुणाची टाच उचललेली, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली, कुणाचं पाऊल लहानपणीच्या तापाने वाळलेलं. प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा, म्हणजे फर्मा, करून तो भिंतीवरच्या फळीवर मांडून ठेवी, आणि पाय बदलला की फर्म्यावर चामड्याचे तुकडे डकवून त्यालाही बदली. लोक त्याला 'अर्धाइंच' म्हणत, कारण दुनियेतल्या प्रत्येक वस्तूत त्याला अर्ध्या इंचाची खोट दिसायची. दाराची चौकट अर्धा इंच तिरकी, शेजाऱ्याची मिशी डावीकडे अर्धा इंच कमी, आणि फादरांचं प्रवचन तेवढं अर्धा इंच जास्त.

हे फादर त्याचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांचा डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे डाव्या बुटाला जाड तळ लावावा लागे. दर वर्षी तळ बदलताना दोघांची एकच जुगलबंदी चाले.

"फादर, तुमच्या देवाने तुमचा पाय आखूड का केला हो?"

"तुझं पोट चालावं म्हणून."

"मग दोन्ही आखूड करायचे. माझं दुप्पट चाललं असतं."

"दोन्ही केले असते तर मी नुसता बुटका झालो असतो, गाढवा. तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

अर्धाइंच हसून हसून तोंडात धरलेले बारीक खिळे हातात काढून घेई. तेव्हा देवाची थट्टा करणं त्याला सोपं होतं. तोवर देवाने त्याची केली नव्हती.

त्याला एकच मुलगी. घरात तिला 'खार' म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती जमिनीवर कमी आणि पलंग, कपाट, खिडकी यांच्यावर जास्त असायची. आठव्या वर्षी खार पडायला लागली. सपाट फरशीवर, काहीही आडवं आलेलं नसताना. आईने आधी ओरडून पाहिलं, मग तेल चोळून पाहिलं, मग मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचा आजार आहे, पायांपासून सुरू होऊन वर सरकतो, औषध नाही, जपा.

"जपा म्हणजे काय करा?" अर्धाइंचाने विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून तो देवाशी कारागिरासारखा बोलायला लागला. अटी नीट ठरवून. रोज सकाळची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, चुकवणार नाही. शुक्रवारी चहा नाही. (हे ज्याने त्याला चहाशिवाय पाहिलंय त्यालाच कळेल. देवालाही कळलं असावं, कारण शुक्रवारी सगळं गाव त्याच्या दुकानावरून जरा लांबून जायचं.) त्या बदल्यात एकच मागणं. खार तेरा वर्षांची झाली की तिचं दृढीकरण होणार. बिशप येणार, मुलामुलींच्या कपाळाला तेल लावणार, बाप्तिस्म्यात त्यांच्या वतीने मोठ्यांनी जे कबूल केलं ते आता ती स्वतः कबूल करणार. त्या दिवशी खारने बाकापासून वेदीपर्यंत कुणाचा हात न धरता चालत जावं. एकोणीस पावलं. तिच्याएवढी पावलं टाकत त्याने स्वतः चालून मोजली होती.

"तिला बरं कर असं कुठे म्हणतोय मी?" तो बायकोला म्हणाला. "वाजवी तेच मागतोय."

"अहो, तो काय तुमचं गिऱ्हाईक आहे?"

"मग कोण आहे?"

"बाप आहे," बायको म्हणाली, आणि पोळपाट जरा जोरातच ठेवला.

एक गोष्ट तिने नवऱ्याला कधी बोलून दाखवली नाही, पण तिला ती माहीत होती. रोज संध्याकाळी तिघं जपमाळ म्हणत. स्वर्गातल्या बापाच्या प्रार्थनेत 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही ओळ आली की नवऱ्याला खोकला यायचा. पुढच्या ओळीला, रोजची भाकरी मागण्यापाशी, तो बरा व्हायचा. डॉक्टरांकडे जाऊन आल्यापासूनचा हा खोकला, आणि कुठल्या काढ्याने जाणारा नव्हता.

दृढीकरणाला महिना राहिला तेव्हा त्याने खारसाठी नवे बूट करायला घेतले. आधीच्या वेळी कागदावर उभी राहिली तेव्हा तिचं पाऊल आतल्या बाजूला पार कोसळलं होतं, आणि पेन्सिलीची रेघ जिकडे जायला नको तिकडे गेली होती. त्या कागदाची घडी त्याने कुणाला न दाखवता ड्रॉवरच्या तळाशी घातली होती. या वेळी खार पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती. तिने उठायला पलंगाचा दांडा धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "बस तशीच. घाई आहे आज."

घाई कसलीही नव्हती. अठ्ठावीस वर्षांत त्याने बसलेल्या पायाचं माप कधी घेतलं नव्हतं. लोंबकळणारं पाऊल कसं छान, निमुळतं दिसत होतं. पडायला लागायच्या आधी दिसायचं तसं. त्याने रेघ ओढली आणि ती पुसली जाऊ नये म्हणून वरून पुन्हा एकदा ओढली.

बूट असे झाले की पाहत राहावं. काळं मऊ चामडं, आतून घोट्याला पोलादी पट्टी, शिलाई मुंग्यांच्या रांगेसारखी. खारने घातले, दोन पावलं टाकली.

"कसे वाटतात?"

"छान."

"कुठे लागत नाहीत ना?"

"नाही हो पप्पा. किती विचारता!"

रोज संध्याकाळी ती कपाटापासून खिडकीपर्यंत चालण्याचा सराव करायची, ओठ दाताखाली धरून. ओठ जोर लावल्यामुळे धरलाय असं त्याला वाटायचं. मोजे ती स्वतःच धुवायला लागली होती. मुलगी मोठी झाली म्हणून आईला बरं वाटलं होतं.

दृढीकरणाच्या दिवशी खार एकोणीस पावलं चालली. चर्चमध्ये कुणी खोकलं नाही, त्यानेसुद्धा नाही. बिशपांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. अर्धाइंच बाकावर बसून रडला, आणि शब्द पाळला असं मनातल्या मनात देवाला म्हणालासुद्धा. दोघांपैकी कुणी, ते स्पष्ट केलं नाही.

घरी आईने बूट काढले. मोजा निघेना. पाणी लावून, भिजवून काढावा लागला. घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे पोलादी पट्टी होती, तिथे कातडी उरली नव्हती.

जखम चिघळली. ताप चढला. हॉस्पिटलात पाच आठवडे, नंतर घरी पलंगावर आठ. जखम भरली, पण तेवढ्या दिवसांत पाय चालणं विसरले ते विसरलेच. खारला उभं केलं की ती ओल्या कपड्यासारखी खाली यायची. चाकांची खुर्ची आली. डॉक्टर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. हे होणारच होतं. दोन वर्षांनी झालं असतं, ते आता झालं."

ती दोन वर्षं अर्धाइंचाच्या गळ्यात अडकली. गिळता येईनात, थुंकता येईनात. रोजची मिस्सा त्याने सोडली. जपमाळेच्या वेळी तो दुकानात थांबू लागला. शुक्रवारी चहा प्यायचा, आणि तो त्याला गोड लागायचा नाही. गिऱ्हाइकांना "उभे राहा" म्हणताना आवाज बसायचा. बायको त्याला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एक दिवस दुपारी फादर आले. बसले, डावा बूट काढला, तळ दाखवला. तळ झिजून कागद झाला होता.

"केव्हापासून असेच फिरताय?"

"तू चर्चला येशील तेव्हा दाखवू म्हटलं. तू काही येईनास."

अर्धाइंचाने बूट हातात घेतला. त्यांची नेहमीची जुगलबंदी सुरू करायची पाळी त्याची होती. त्याने सुरुवात केली, पण थट्टेने नाही. "तुमचा पाय आखूड का केला, फादर? खरं सांगा."

"माहीत नाही," फादर म्हणाले. "पोरं लंगड्या म्हणायची तेव्हापासून विचारतोय."

"मग?"

"मग काय? उत्तर आलं नाही."

"आणि तरी तुम्ही रोज त्याच्यापुढे उभे राहता."

"लंगडत राहतो." फादरांनी भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट केलं. "हे बघ, त्या वरच्या पोरानेही खिळे ठोकलेल्या पायांवर ओरडून विचारलं होतं, का म्हणून. त्यालाही उत्तर आल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही. तरी शेवटचा श्वास सोडताना त्याने स्वतःला बापाच्याच हातात दिलं. याच्या पुढचं मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर प्रवचन अर्धा इंच आणखी लांबलं असतं."

अर्धाइंच हसला नाही. हातातला बूट खाली ठेवून तो म्हणाला, "मी तिचं माप बसवून घेतलं, फादर."

दुसऱ्या कुणाला या वाक्यात काही कळलं नसतं. फादरांना कळलं. या दुकानात ते पंचवीस वर्षं उभे राहिले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला जांभळा पट्टा काढला, गळ्यात घातला आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा अशा थाटात तिथेच त्याचं पापनिवेदन ऐकलं. त्याने सगळं सांगितलं. ड्रॉवरमधला कागद सांगितला. घाई आहे असं खोटं बोललो, ते सांगितलं. "मला तिचा खरा पाय बघवत नव्हता," तो म्हणाला. "आणि ज्या देवाने असा पाय दिला, तो देवही बघवत नव्हता. मला माझ्या मापाचा पाहिजे होता."

फादरांनी क्षमेचे शब्द म्हटले. मग म्हणाले, "प्रायश्चित्त म्हणून खारचे बूट कर. नीट माप घेऊन."

"ती चालणार नाही आता."

"माहीत आहे."

"मग बूट कशाला?"

"थंडीत पोरीचे पाय उघडे ठेवणार आहेस? आणि माझा तळ आधी लाव, मी असा घरी कसा जाऊ?"

संध्याकाळी तो वेळेवर घरी आला तेव्हा मायलेकींची जपमाळ चालू होती. बायकोने वर पाहिलं नाही, नुसती सरकून जागा केली. स्वर्गातल्या बापाच्या प्रार्थनेत ती ओळ आली. दोघी पुढे भाकरीपर्यंत पोचल्या, तेव्हा मागे राहून, एकट्यानेच, फाटक्या आवाजात त्याने ती ओळ पुरी केली. बरं वाटलं असं नाही. अंधाऱ्या जिन्यात पुढची पायरी आहे की नाही हे न कळता पाय टाकावा तसं वाटलं.

जपमाळ संपल्यावर त्याने खाकी कागद काढला.

"आता कशाला बूट?" खार म्हणाली. "तळ झिजणारच नाही."

"मग टिकतील."

"चांगली जाहिरात आहे तुमची."

तो तिच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. "खार, ते बूट लागत होते ना?"

तिने मान हलवली.

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

खारने जरा विचार केला. "तुम्ही केलेले म्हणजे बूट बरोबरच असणार. मला वाटलं, माझा पायच चुकतोय."

दाराशी उभ्या आईने पदर तोंडाला लावला. अर्धाइंच कागदाकडे बघत राहिला. त्याच्या हातच्या बुटाने या पोरीचं कातडं सोललं होतं, आणि संशय तिने बुटावर घेतला नव्हता, बापावर तर नाहीच. इतका भरवसा त्याला मिळाला होता आणि त्याची तेवढी लायकी नव्हती. असा भरवसा ज्याच्यावर टाकायचा, त्या देवाशी तो पाच वर्षं अटी ठरवत बसला होता.

"पाय चुकत नव्हता," तो म्हणाला. "माझं माप चुकलं. मी जाणून चुकवलं."

"कळलं होतं मला," खार म्हणाली. "नंतर."

मग तिने विचारलं, "पण आता उभी कशी राहू?"

त्याने कागदाखाली एक पातळ फळी ठेवली, फळीखाली स्वतःचा डावा तळहात, आणि कोपर मांडीवर टेकवलं. दुसऱ्या हाताने तिचं पाऊल उचलून कागदावर ठेवलं. घोट्यावरचा व्रण गुलाबी आणि चकचकीत होता. या वेळी त्याने तो नीट पाहिला.

"दाब."

"जोर नाही पप्पा."

"असेल तेवढा. पडायची नाहीस, खाली माझा हात आहे."

खारने ओठ दाताखाली धरला. फळीवर वजन आलं. फार नाही, एखादं पाखरू येऊन बसावं तेवढं, पण आलं. पाऊल हळूहळू पसरलं, आतल्या बाजूला कलंडलं आणि पार कोसळलं. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि टाचेपासून सुरुवात केली. रेघ जिकडे जायला नको तिकडे जायला लागली. त्याने तिला जाऊ दिलं.