स्कूल आणि इस्कूल

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर आमच्या कळंबच्या शाळेतली उर्दू गेली. तिथं उर्दूतून शिकवणारे एक मास्तर आधी मराठी शिकले आणि पन्नाशीत इंग्रजीला बसले. इंग्रजी बोलण्याआधी ते रुमालानं ओठ पुसत, जणू पानाचा रंग त्या भाषेला लागू नये म्हणून.

मीही त्याच शाळेत शिकवायचो; उन्हाळ्यात आम्हा दोघांना डोंगरावरच्या, इंग्रजांच्या काळातल्या बोर्डिंगमध्ये शिक्षकांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गाला पाठवलं. मुलं सुटीला गेलेली. त्यांच्या आखूड खाटांवर आम्ही पाय पोटाशी घेऊन झोपायचो. मास्तर ‘इस्कूल’ म्हणत. तिथले साहेब त्यांना उभं करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावत. सगळे हसत, मीही हसलो. मास्तर रोज सकाळी व्हरांड्यात एकटेच घोकत राहिले. महिनाअखेर जमलं.

जूनमध्ये तपासणीचे साहेब त्यांच्या वर्गात मागं बसले होते, मी दारात होतो. खेड्यातून नवीन आलेलं पोरगं उठून ‘माय इस्कूल’ म्हणालं. वर्ग हसला. पोराची मान खाली गेली.

मास्तरांनी रुमाल काढलाच नाही. “माय इस्कूल,” ते खणखणीत म्हणाले, “म्हना सगळे!”

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, “शिकलेलं सगळं विसरलात व्हय, मास्तर?”

त्यांनी सावकाश ओठ पुसले. “स्कूल,” ते अगदी साफ म्हणाले, आणि पुढच्या तासाला गेले.