कुपवाडचं शेड कळसूबाईला

सांगा सांगा करून डोकं खाल्लं ह्या शेडातल्या पोरांनी. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला लिवायला बसवत्यात, लाज न्हाई! पर लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो तसं किस्सं साठत्यात. झाडलं न्हाई की पायात घुसत्यात. तवा ऐका, आन मधी बोलू नका.

आमचं कुपवाडला गेट-ग्रिलचं शेड. मालक विलास, माझ्यापुढं चड्डीत फिरलेलं पोरगं. एक दिवस म्हनला, "काका, तुमचं गुडघं गेलं. दिवाळीनंतर घरी बसा."

मी म्हनलं, "महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर कुठला रं?"

"कळसूबाई."

"चल मग. वर पोचलो न्हाई तर घरी बसतो. पोचलो तर तू गप बसायचं!"

झालं. सगळं शेड गाडीत बसलं.

*

सलीमभाई आमचा वेल्डर. ग्रुपवर मेसेज व्हता, चांगलं बूट घाला. ह्यो कामावरचं, पुढं पोलाद बसवलेलं सेफ्टी शूज घालून आला. वाटंत चहाला उतरलो तवा सगळी हसली. त्यो म्हनला, "हसा! दगड पडला तर बोटं तुमची जातील, माझी न्हाई."

पहिल्याच चढाला बूट गळ्यात आन सलीमभाई अनवाणी. मी म्हनलं, "सलीम, आता दगडाला सांग, मानेवर पड म्हनून!"

*

बिरू जतकडचा, मेंढरं राखनाऱ्या घरचा. पुढं वाटंत शेरडं आडवी आली. बिरूनं सवयीनं जीभ टाळ्याला लावून टकटक केलं आन चालू लागला. वळून बघतो तर सगळी शेरडं मागं!

खालनं बाई वरडत आली, "अहो दादा, देवीला चाललाय का बाजाराला?"

*

मग लोखंडी शिड्या आल्या. आता शिडी दिसल्यावर आमचं शेड नुसतं चढंल व्हय? सलीमभाईनं वेल्डिंगच्या जोडावर बोटं वाजवली. बिरू खालनं वाकून बघाय लागला. मी बी गज हलवून बघितला. सलीमभाई म्हनला, "ह्यो डावखुऱ्या मानसाचा हात हाय." बिरू म्हनला, "उजवाच हाय." लय जुंपली.

मागं कॉलेजच्या पोरांची ही लाईन! एक पोरगी म्हनली, "काका, वर जायचंय का टेंडर भरायचंय?"

*

शेवटच्या शिडीला मी सगळ्यांच्या मागं. गुडघं कुरकुरत व्हतं, पर थांबलो न्हाई. माझ्या वर विलास. त्यो मधीच थांबला. गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या मजल्याला आमी ग्रिल बसवतो तवा ह्यो कायम खालनं वरडनार. उंचावर कवा चढलाय?

बारीक आवाजात म्हनला, "काका, पाय हालंना."

"खाली बघू नगंस."

"बघितलं की वं!"

मग मी खालनं त्याचं एकेक पाऊल हातानं उचलून पायरीवर ठेवलं. "ह्यो डावा. आता उजवा. गज सोड की गड्या, त्यो काय तुझ्या बापाचा हाय?" असं करत मालक वर पोचवला. देवीच्या दारात बसून धापा टाकत म्हनला, "काका, दिवाळीनंतरचं इसरा."

भडंगाची पिशवी फोडतोय तवर सगळ्यांचं फोन वाजलं. गिऱ्हाइकं बी असलेल्या शेडाच्या ग्रुपवर विलासनं टाकलेला फोटो. मी खाली बसून गुडघा चोळतोय, विलास उभा, माझ्या खांद्यावर हात. खाली लिवलेलं, "काकांना हात धरून वर आणलं!"

फोटोखाली अख्ख्या कुपवाडनं हात जोडलं. गावाकडं परतल्यावर विश्रामबागच्या एका गिऱ्हाइकानं तर मला वाटंत थांबवून सांगितलं, "नशीब काढलंत आजोबा, असा मालक मिळायला."

मी अजून शेडात हाय. फोटो बी ग्रुपवर हाय. माफी तेवढी यायची हाय. विलासची.