बाबांच्या खाचरावरचं विमान

डॉक्टरांनी बाबांची नाडी पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाहेरगावी कुणी असेल तर बोलावून घ्या." या वाक्याचा अर्थ आपल्याकडे लहान पोरालाही कळतो.

बाहेरगावी म्हणजे लंडनला, माझा दादा. त्याला फोन केला तर तो नुसता रडायला लागला. "बाय, तिकीट तूच काढ. मी निघतो."

नेरूळच्या घरात, बाबांच्या पलंगाला टेकून मी मोबाइल उघडला. अंतर सात हजार किलोमीटरच्या वर. बाबांनी डोळे उघडले.

"किती लांब हाय?"

मी आकडा सांगितला.

"किलोमीटर काय करू? तास सांग."

एक विमान थेट होतं. नऊ तासांचं, मुंबईच्या जुन्या विमानतळावर सकाळी अकराला उतरणारं. दुसरं दिल्लीला थांबणारं, तिथून आपल्या नव्या विमानतळावर, संध्याकाळी पाचला. आता, आमच्या घरात 'आपला' म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या धावपट्टीखाली आमचं भाताचं खाचर गेलंय. गाव उठला, टेकडी सपाट झाली, तरी बाबा बोट दाखवून सांगायचे की बांध अमुक ठिकाणी होता. खरं-खोटं देव जाणे.

"त्याला सांग, तिकरं मुंबईला नको. आपल्या शेतान उतर," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

मी एरवी कुणाचं ऐकणारी नाही. रिक्षावाल्यालाही रस्ता मी सांगते. पण ते हसू पाहिलं आणि वाटलं, सहा तासांनी काय बिघडतंय? मी दिल्लीवालं तिकीट काढलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते मी स्वतःच्या अंगठ्याने केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबांचा श्वास बदलला. घशात काहीतरी घरघरत होतं. वरून विमान गेलं की त्यांची नजर छताकडे जायची. "हाच का?" मी म्हणायचे, "नाही बाबा, अजून वेळ आहे." पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं, नुसतं बघायचे. मला त्या आवाजाची भीती वाटायला लागली. मी खिडक्या लावून घेतल्या, तरी तो आत यायचाच.

अकरा वाजले. जुन्या विमानतळावर ते थेट विमान उतरलं, अगदी वेळेवर. मी मोबाइलवर पाहिलं. का पाहिलं, कुणास ठाऊक. साडेबारापर्यंत दादा या खोलीत असता. साडेबाराला बाबा शुद्धीवर होते, त्यांनी दोन चमचे पाणी घेतलं.

दिल्लीहून दादाचा फोन आला. "बाबा काय करतायत?"

"वाट बघतायत," मी म्हणाले. तेव्हा ते खरं होतं.

साडेतीनच्या सुमाराला बाबा गेले. दादा तेव्हा हवेत होता, फोन बंद.

पाच वाजून गेल्यावर त्याचा फोन लागला. "उतरलो गं. बाबांना दे."

मी सांगितलं. मग त्याने अगदी हळू विचारलं, "थेट विमान नव्हतं का गं?"

"होतं," मी म्हणाले, "पण भरलेलं होतं."

"मग तू तरी काय करणार, बाय," दादा म्हणाला.