शांतवनमामांचा ग्रीक शब्द

उद्यमनगरातल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाला ग्रीक येतं म्हटलं, तर कोण विश्वास ठेवील? शांतवनमामांनाही ते येत नव्हतंच म्हणा. एकच शब्द यायचा. ऐन विशीत पाळक व्हायचं म्हणून ते वर्षभर धर्मशिक्षणाला गेले. तेवढ्यात वडील वारले, घर अंगावर पडलं, आणि परतताना हाती लागला तो हा शब्द: स्प्लांखनिझोमाय.

तेवढ्यावर मामांनी मंडळीत आयुष्य काढलं. चर्चच्या मंडळीत कुणी गेलं, की तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी सांत्वनाची उपासना होते. तिथं बोलायला मामाच लागत. एका विधवेचा एकुलता मुलगा पुरायला नेताना येशूनं पाहिला, ती गोष्ट ते सांगत.

"आपल्या मराठीत नुसतं कळवळा आला असं हाय," मामा पोटावर हात ठेवत. "मूळ शब्दात आतडी हाईत, आतडी! नव्या करारात बाराच ठिकाणी येतोय ह्यो शब्द. आन दर वेळी दुसऱ्याचं दुःख बघणाऱ्याच्या पोटात."

मग प्रार्थना. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून मामा मुकाट्यानं चपला घालून बाहेर पडत. तरुण पोरं मागं त्यांची नक्कल करत, पण स्वतःच्या घरी वेळ आली की मामांनाच बोलवायला येत.

२००४ च्या फेब्रुवारीत मामांची बायको, रूथबाई, मेथी निवडता निवडता बसल्या जागी गेली. मूलबाळ नव्हतं. मामांना काहीच वाटेना. रडू नाही, राग नाही, भूक नाही. कबरस्तानात खड्डा दोन इंच तिरका खणलाय, एवढंच त्यांच्या डोळ्यांना दिसलं. लोक म्हणाले, मामा खंबीर आहेत. कसले खंबीर! तीस वर्षं जगाला पोटावर हात ठेवून दाखवलं आणि आपल्याच पोटात काही हलेना. रूथवर आपली माया नव्हतीच काय, या एका भीतीनं ते गप्प झाले होते.

तिसऱ्या दिवशी पाळक म्हणाले, "मामा, आज तुम्ही बसा, मी बोलतो."

"न्हाय," मामा म्हणाले. "मीच बोलतो."

बोलले. तीच गोष्ट, तोच शब्द, पोटावर तोच हात. मग डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली, "प्रभू, या घरच्या माणसाला धीर दे. ह्यास्नी समाधान दे." लोकांनी डोळे उघडून एकमेकांकडं पाहिलं. मामांच्या ते गावीही नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं, उठले, 'येतो' न म्हणता चपला घातल्या आणि आपल्याच घरातून निघून गेले.

कुणाला काय करावं कळेना. शेजारची गंगव्वा तेवढी धावली. ती लिंगायत, असल्या उपासनांना कधी बसलेली नव्हती. तीन दिवस मामांसाठी भाकऱ्या मात्र तीच थापत होती, आणि आताही त्याच कामातून उठली होती. पिठाच्या गिरणीपाशी मामा उभे होते. पुढं कुठं जायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"आण्णा, कुठं निघालासा?"

"घरी."

"घर मागं ऱ्हायलं की हो!" म्हणता म्हणता गंगव्वा रडायलाच लागली. "तीन दिस तुमचं ह्ये गप तोंड बघतोय. रूथाक्का गेली ती गेली, पर तुमच्याकडं बघून माझ्या पोटात तुटतंय हो आण्णा, नुसतं तुटतंय."

तिनं पिठाचा हात पोटावर दाबून धरला होता. लुगड्यावर पाची बोटं पांढरी उठली होती.

मामा त्या हाताकडं बघत राहिले. बारा ठिकाणं त्यांना तोंडपाठ होती. त्यातल्या एकाही ठिकाणी ज्याचं माणूस गेलं त्याच्या पोटात काय होतं, हे विचारलेलं नाही. कळवळा येतो तो बघणाऱ्याच्या पोटात, हे त्यांनीच तीस वर्षं घरोघरी सांगितलं होतं, आणि आज सांगून अजून तासही झाला नव्हता.

"गंगव्वा," ते म्हणाले, "रूथ न्हाय आता."

तीन दिवसांत ते पहिल्यांदाच हे बोलले.

"न्हाय, आण्णा," ती म्हणाली.

मामांच्या पोटात अजूनही काही हललं नव्हतं. गंगव्वानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना त्यांच्या घरी घेऊन गेली.